स्वतःवरचंच नाटक बघायला बसलेली नायिका: तिने पुढे काय करावं?

कातरवेळ:

एक दीर्घकथा लिहायला घेतली आहे आणि मध्यावर गाडी रुतली आहे, म्हणून हा धागा.

जग पूर्ण काल्पनिक. नायिका वाटाडी आहे. तरुणपणी तिने ऐन हिवाळ्यात एक अख्खा तांडा बर्फाने बंद झालेल्या खिंडीतून पलीकडे काढला. निम्मी माणसं वाटेत गेली, निम्मी वाचली. त्यानंतर बरीच वर्षं ती डोंगरातच होती. आता कामानिमित्त एका मोठ्या शहरात उतरते, तर तिथे तिच्यावरचं नाटक हाउसफुल्ल चाललंय. रस्त्यात मुलं तिच्या नावाने खेळतात, तिच्यासारख्या टोप्या विकायला आहेत. तिला मात्र कोणी ओळखत नाही. ती तिकीट काढून मागच्या रांगेत बसते.

नाटकातली ती नाजूक आहे आणि दर प्रवेशात एकदा रडते. तांड्यातला खेचरवाला (खरा साठीचा, तोंडाळ, हिच्याशी कधी धड न बोललेला) तिचा देखणा प्रियकर झालाय आणि वाटही तोच शोधतो. मुख्य म्हणजे नाटकात कोणीच मरत नाही. सगळा तांडा सुखरूप पोचतो, पडदा, टाळ्या.

आता ती काय करेल? उभी राहून 'हे सगळं खोटं आहे' असं ओरडली तर लोक तिला वेडी समजून बाहेर काढतील आणि प्रकरण तिथेच संपेल. तो मार्ग मला नको आहे.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे भांडायला सोपं जाईल. असा प्रसंग 'खरं विरुद्ध खोटं' म्हणून लिहिला की फसतो. ही गोष्ट कोणाला हवी आहे आणि कशासाठी, हे तिला कळू लागलं की मगच तो रंगतो. 'हंगर गेम्स' (२००८) या कादंबरीत सत्तेने भरवलेल्या जीवघेण्या झुंजीत नायिका कॅटनिस जिंकल्यावर तिला मंचावर बसवून तिच्याच झुंजीची तीन तासांची संकलित फिल्म दाखवतात. सगळ्या देशाला ती बघणं सक्तीचं. संकलकांनी त्या रक्तपातातून प्रेमकथा बेतलेली असते. रू नावाच्या लहान मुलीचं मरण पूर्ण दाखवतात, पण कॅटनिस तिचा देह फुलांनी सजवते तेवढं मात्र कापलेलं. सत्ता कशाला घाबरते हे तिला त्या कापलेल्या तुकड्यावरून कळतं. आणि ती गप्प बसून बघते, कारण तोंड उघडलं तर जीव जाईल.

असे आणखी प्रसंग सांगा, आणि माझ्या वाटाडीचं काय करायचं तेही. रहस्यभेद होणार आहे. ज्यांना नको त्यांनी इथूनच मागे फिरा.

उंटावरचा_शहाणा:

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो.

चिमटा:

विषय चांगला आहे, पण खरं सांगू का, हल्ली हा प्रकार फार झालाय. मालिकेच्या लेखकाजवळचे विषय संपले की तो पात्रांना नाटकाला घेऊन जातो. जुन्या भागांची उजळणी होते, थोडे विनोद होतात, वेळ निघून जातो.

गोधडी:

चिमटा, उजळणी असते हे मान्य. पण उजळणीतूनही काम काढून घेता येतं. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' या कार्टून मालिकेच्या तिसऱ्या पर्वात (२००८) शेवटच्या लढाईच्या तोंडावर त्यातली सगळी नायक मुलं शत्रूच्या मुलखात लपलेली असताना स्वतःवरचं नाटक बघायला जातात. कटाराला रंगमंचावर सतत रडणारी आणि भाषणं ठोकणारी केलंय, ती चिडते. मुख्य नायक आंगची भूमिका एक बाई करतेय, तो तर धुमसतोच. आणि टॉफ! ती लहानखुरी आंधळी मुलगी, तिच्या भूमिकेत एक धिप्पाड पुरुष. ती बेहद्द खूश.

म्हणजे कातरवेळ, तुमच्या यादीत एक शक्यता राहिलीच. खोटी आवृत्ती तिला आवडूही शकते. आयुष्यभर लोकांनी जिला किरकोळ समजलं, तिला रंगमंचावर पहाडासारखी दाखवली तर ती कशाला तक्रार करेल?

पण त्या भागाचा खरा डंख शेवटी आहे. नाटकात आंग आणि त्याचा साथीदार झुको दोघे मारले जातात, शत्रुराष्ट्र जिंकतं आणि प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात. जे अजून घडलेलंच नाही त्याचा शेवट लोकांनी ठरवून टाकलाय, तोही आनंदाने. मुलं तिथून उठतात तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं असतं. ही नुसती उजळणी नाही.

नांदी:

तुम्ही सगळे अलीकडच्या मालिकांमध्ये फिरताय. आठव्या शतकात विदर्भातल्या भवभूतीने हा डाव एकदा नाही, एकाच नाटकात दोनदा खेळलाय. 'उत्तररामचरित'.

पहिल्या अंकात लक्ष्मण राम-सीतेला चित्रं दाखवायला नेतो. त्यांचाच वनवास, भिंतीवर रंगवलेला. सीता गरोदर आहे, मन रमावं म्हणून हा कार्यक्रम. शूर्पणखेचं चित्र येताच ती दचकते, आता विरह होणार म्हणून घाबरते, आणि राम तिला समजावतो की अगं, हे नुसतं चित्र आहे.

आता सातवा अंक. मधे बारा वर्षं गेली आहेत, सीतेचा त्याग होऊन. गंगेच्या काठावर वाल्मीकींनी लिहिलेलं नाटक अप्सरा सादर करतायत आणि प्रेक्षकांत राम आहे. विषय काय, तर टाकून दिलेल्या सीतेचं पुढे काय झालं. रामाला भान राहत नाही, तो रंगमंचावरच्या सीतेला हाका मारतो. तेव्हा लक्ष्मणाला त्याला सांगावं लागतं की दादा, हे नाटक आहे.

पहिल्या अंकात जो दुसरीला 'हे चित्र आहे' म्हणून धीर देत होता, त्यालाच शेवटी 'हे नाटक आहे' हे ऐकावं लागतं. मला विचाराल तर सगळ्या संस्कृत नाट्यवाङ्मयात याच्या तोडीची जोडणी फार थोडी सापडेल. शिवाय त्या आतल्या नाटकात पृथ्वी जावयावरचा राग मोकळेपणी बोलून दाखवते आणि रामाला ते भर सभेत ऐकून घ्यावं लागतं. राजाला तोंडावर कोण बोलणार? पात्राच्या तोंडून बोलता येतं.

चिमटा:

नांदी, सुंदर. पण दोन आक्षेप. एक, धागा साहसी नायिकेचा आहे. सीता त्यात कशी बसते? दोन, सातव्या अंकात प्रेक्षक राम आहे. आयुष्य तिचं, नाटक तिच्यावर, आणि मूर्च्छा येते नवऱ्याला!

नांदी:

दुसरा आक्षेप शंभर टक्के मान्य, आणि तोच मला सगळ्यात जास्त खुपतो. नाटक संपल्यावर खरी सीता समोर येते, तिच्या स्पर्शाने राम शुद्धीवर येतो, अरुंधती प्रजेला विचारते आणि प्रजा सीतेला नमस्कार करते. आतलं नाटक कसं वाटलं, हे मात्र तिला कोणीच विचारत नाही.

पहिल्या आक्षेपावर भांडेन. चित्रं बघून झाल्यावर सीता काय मागते आठवा. तिला पुन्हा त्या रानात जायचं असतं, भागीरथीत उतरायचं असतं. राक्षसाने जिथून उचलून नेलं त्या रानाची तिला ओढ लागते! ही घरात बसणाऱ्या बाईची इच्छा आहे का? आणि भवभूतीचा क्रूरपणा असा की त्याच इच्छेसाठी जो रथ जोडायला सांगितलेला असतो, त्यातूनच तिला नेऊन सोडतात. स्वतःची गोष्ट बघून तिला पुन्हा निघावंसं वाटलं आणि तेच तिच्याविरुद्ध वापरलं गेलं.

कातरवेळ, हे तुमच्या कामाचं आहे. नाटक बघून तुमच्या वाटाडीला राग येईल की नाही ते सोडा. तिला पुन्हा खिंडीत जावंसं वाटेल का?

कातरवेळ:

नांदी, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. डोक्यात घोळवते.

बिनबुडाचा_लोटा:

तिने निर्मात्याकडे जाऊन मानधन मागावं. बाकी सगळं साहित्यिक आहे. टोप्यांचाही हिस्सा.

गोधडी:

लोटा, हसू आलं, पण मुद्दा बरोबर आहे. खऱ्या जगातलं उदाहरण घ्या. नेली ब्लाय ही न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' दैनिकाची बातमीदार १८८९च्या नोव्हेंबरात एकच हातबॅग घेऊन एकटी पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली आणि ७२ दिवसांत परतली. ती बोटी-आगगाड्या बदलत असताना इकडे तिच्याच दैनिकाने ती किती वेळात परत येईल याची स्पर्धा लावली होती. पुढे तिच्या प्रवासाचा सोंगट्यांचा खेळ निघाला, एकेका घराला एकेक दिवस. घरोघरी पोरं फासे टाकून नेली ब्लाय झाली. ती काल्पनिक नाही हे माहीत आहे, पण 'टोप्या विकायला आहेत' याचं याहून नेमकं उदाहरण मला आठवत नाही. फासे टाकणाऱ्याला समुद्र लागत नाही.

उंटावरचा_शहाणा:

आलो. माझा माणूस पुरुष आहे, चालवून घ्या. या सगळ्या प्रकाराचा आजोबा म्हणजे डॉन किहोते, सर्व्हान्टिसच्या स्पॅनिश कादंबरीतला, स्वतःला शूर सरदार समजणारा.

पहिला भाग १६०५चा. १६१४ मध्ये आव्हेयानेदा या टोपणनावाने कोणीतरी दुसरा भाग परस्पर छापून टाकला. सर्व्हान्टिसचा स्वतःचा दुसरा भाग आला १६१५ मध्ये, आणि त्यात त्याने जे केलं ते आजही कोणाला सहजासहजी जमत नाही. दुसऱ्या भागातल्या लोकांनी पहिला भाग वाचलेला आहे! किहोतेला घरबसल्या कळतं की त्याच्यावरच्या पुस्तकाच्या १२,०००हून जास्त प्रती छापल्या गेल्यात. त्याचा सेवक सांचो, त्याचं गाढव चोरीला गेलं आणि मधेच परत कसं उगवलं, असं लोक विचारतात आणि बिचाऱ्या सांचोला लेखकाच्या गफलतीचा खुलासा करावा लागतो.

इथवर गंमत. पुढे एक सरदार आणि त्याची बायको भेटतात. त्यांनी पुस्तक वाचलंय, त्यांना किहोते पाठ आहे, म्हणून ते त्याला वाड्यात ठेवून घेतात आणि मोठा खर्च करून त्याच्यासाठी खोटी साहसं उभी करतात. हसायला. पहिल्या भागात त्याला पवनचक्क्या राक्षस वाटायच्या, तो त्याचा भ्रम होता. आता त्याच्या भ्रमाला नेपथ्य दुसरे लोक लावून देतात. पुस्तकाने तो प्रसिद्ध झाला आणि त्याच पुस्तकाने त्याला लोकांच्या करमणुकीचं साधन केलं.

आणि खोट्या पुस्तकाचं तो काय करतो? खाणावळीत कळतं की त्या दुसऱ्या किहोतेचं त्याच्या मनातल्या प्रेयसीवरचं, डल्सिनियावरचं, प्रेम आटलंय. इतर खोटेपणापेक्षा त्याला हेच जास्त लागतं. त्यातला किहोते सारागोसाला गेलाय असंही कळतं. हा सारागोसालाच निघालेला असतो. तो रस्ता बदलून बार्सिलोनाला जातो, केवळ त्या लेखकाला खोटं पाडायला! नंतर त्या खोट्या पुस्तकातलंच एक पात्र, आल्वारो तार्फे, त्याला वाटेत भेटतं, तर हा त्याच्याकडून गावच्या अधिकाऱ्यासमोर लेखी जबाब घेतो की मी ज्याला ओळखत होतो तो हा नव्हे.

कातरवेळ, तुमची बाई ओरडत नसेल तर हे तिचे दोन मार्ग. एकतर नाटकाला खोटं पाडायला स्वतःचा रस्ता बदलेल, म्हणजे तिचं पुढचं आयुष्य नाटकच ठरवणार. नाहीतर जबाब लिहून घेईल. दोन्हींत ती हरते, असं माझं मत.

अर्धविराम:

उंटावरचे, प्रतिसाद साठवून ठेवला.

आजोबाच शोधायचे तर आणखी मागे जा. होमरच्या 'ओडिसी'च्या आठव्या सर्गात ट्रॉयचं युद्ध जिंकून आलेला ओडिसियस परक्या राजाच्या दरबारात ओळख न सांगता बसलाय आणि आंधळा गायक देमोडोकस ट्रॉयच्या युद्धाची गाणी गातोय. ओडिसियस डोक्यावरून वस्त्र ओढून रडतो. तरी पुढे तो स्वतःच गायकाला लाकडी घोड्याचं गाणं गायला सांगतो, म्हणजे आपल्याच पराक्रमाचं. ते ऐकतानाही रडतो, आणि होमर त्या रडण्याला उपमा देतो ती अशी: नवरा लढाईत पडलेली बाई त्याच्या देहाला मिठी मारून रडतेय आणि मागून भाले टोचून तिला गुलामगिरीत हाकलतायत. आपल्याच विजयाचं गाणं ऐकणारा वीर, आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी हरलेल्यांच्या बाईचं. मग तो नाव सांगतो आणि पुढचे चार सर्ग स्वतः बोलतो. गोष्ट गायकाकडून काढून घेतो.

बाईला ही सोय आहे का? 'इलियड'मधली हेलन पहिल्यांदा दिसते तेव्हा ती मागावर बसून तिच्याच पायी चाललेल्या लढाया कापडात विणत असते, युद्ध बाहेर चालू असताना. पुढे ती तिचा दीर हेक्टर याला म्हणते की देवांनी आपल्या नशिबी हे लिहिलं ते पुढच्या माणसांनी आपली गाणी गावीत म्हणून. तिला ठाऊक आहे की आपण गाणं होणार, आणि ते आपण गाणार नाही.

चिमटा:

अर्धविराम, मूर्च्छेवरून मी जे बोललो त्याला तुम्ही पुरवणी जोडलीत.

माझ्याकडून एक उदाहरण, म्हणजे नुसताच चिमटे काढतो असं व्हायला नको. 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेचं सहावं पर्व (२०१६). आर्या परक्या शहरात नाव टाकून राहतेय. तिथे तिच्या घराण्याच्या वाताहतीवर फार्स चालू आहे, त्यात तिचा बाप निव्वळ गावंढळ. प्रेक्षक खिदळतायत आणि ती दगडासारखी. पण शत्रू राणी सेर्सी मुलाच्या मरणावर शोक करते, तो प्रवेश त्या नटीने असा काही केलाय की आर्या हलते. जिचा ती रोज रात्री सूड मनात घोळवायची, तिच्यासाठी! मग पडद्यामागे भेट झाल्यावर ती नटीला सुचवते की ही बाई नुसती रडणार नाही, ती संतापेल, मारायला उठेल.

ती नाटक थांबवत नाही, नाटक दुरुस्त करते, तेही शत्रूच्या बाजूने. कातरवेळ, तुमच्या वाटाडीला पडद्यामागे पाठवा. तिची भूमिका करणाऱ्या मुलीला ती बर्फात पाय कसा टाकायचा एवढंच शिकवेल. बाकी रडू दे तिला दर प्रवेशात.

कातरवेळ:

चिमटा, हे जवळजवळ घेतलंच मी. पण एक अडचण राहते. चाल दुरुस्त झाली तरी मेलेली माणसं नाटकात येत नाहीत. माझ्या बाईला खेचरवाल्याचा राग नाही, रडण्याचाही फारसा नाही. तिला त्यांची नावं पाठ आहेत आणि त्या नाटकात ती कुठेच नाहीत.

गोधडी:

मग तिच्या शेजारच्या खुर्चीत कोणाला तरी बसवा. मेलेल्यांपैकी एकाची मुलगी. तेव्हा तान्ही होती, आता मोठी आहे, आणि हे नाटक ती पुन्हा पुन्हा बघायला येते. कारण जगात एवढी एकच जागा आहे जिथे तिचा बाप पलीकडे पोचतो.

आता वाटाडीने उभं राहून ओरडून दाखवावं.

नांदी:

गोधडी!

उंटावरचा_शहाणा:

झालं. माझे दोन्ही मार्ग बाद.

चिमटा:

जरा थांबा. चांगलं आहे, पण यात योगायोगाचा वास येतोय. हजार प्रेक्षकांत नेमकी शेजारी तीच? त्यापेक्षा असे बरेच जण असू देत. नाटकाला मेलेल्यांचे नातेवाईक येतात हे नाटकवाल्यांना माहीत आहे, त्यांच्यासाठी ठरावीक दिवशी बाजूच्या रांगा राखून ठेवलेल्या असतात. म्हणजे पहिल्या प्रयोगात कोणीतरी मरत असेल, ते यांनीच सांगून बदलून घेतलं असेल. खोटेपणा लेखकाचा नाही, मागणी प्रेक्षकांची. धाग्याच्या सुरुवातीला तुम्ही म्हणालात ना, गोष्ट कोणाला हवी आणि कशासाठी? हे घ्या उत्तर. आणि योगायोगही गेला, कारण शहरात नवीन आलेली एकटी बाई बघून दारावरचा माणूस तिला त्याच रांगेत नेऊन बसवेल. तिलाही कोणीतरी नातेवाईक समजून.

अर्धविराम:

आणि तो विचारणार, तुमचं कोण होतं तांड्यात?

कातरवेळ:

हे आता माझ्या हातून सुटत नाही. असं करते: दारावरचा माणूस विचारतो आणि ती एक नाव सांगते, त्या यादीतलं. खोटं बोलून आत जाते. म्हणजे नाटकाआधी पहिलं खोटं तिचंच. मुलगी शेजारी नको, मागच्या रांगेत. तिचा फक्त आवाज, संवाद नटांच्या आधी पुटपुटणारा. पडद्यामागचा प्रवेश ठेवते, पण चाल शिकवायला नाही. ती आत जाते ती सगळं खरं सांगायच्या तयारीने, आणि नटी तिला त्या रांगेतली समजून आधीच विचारते, 'नीट पोचले ना सगळे?' तिथे वाटाडी काय म्हणते ते अजून ठरत नाहीये. नांदीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मिळालं. ती परत खिंडीत जाईल, हाडं शोधायला. तोच कथेचा उत्तरार्ध.

बिनबुडाचा_लोटा:

आणि मानधन?

कातरवेळ:

लोटा, त्या रांगेला तिकीट नसतं. एवढ्यावर समाधान माना.

गोधडी:

पुढच्या लेखनाला शुभेच्छा. खेचरवाल्याला मात्र उत्तरार्धात जिवंत ठेवा. तो त्या नाटकाला गेला तर काय म्हणेल, याचा वेगळा धागा काढू.

चिमटा:

काय म्हणणार, साठीचा तोंडाळ माणूस. म्हणेल, वाट मीच शोधली होती.